दोन वस्त्यांचा मैत्री सामना? आधी संघ मिसळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईच्या घणसोली-कोपरखैरणे पट्ट्यातल्या एका क्रीडा मंडळाचे चिटणीस विचारतात: गावठाणातली पोरं आणि माथाडी वसाहतीतली पोरं यांच्यात विसर्जनाच्या मिरवणुकीत हाणामारी झाली, काही जणांवर गुन्हे दाखल झाले, तेव्हापासून दोन्हीकडे धुसफूस आहे. शेजारच्या झोपडपट्टीतली मुसलमान पोरं दोघांपासून अंतर राखून असतात. मंडळाला दिवाळीनंतर ‘सद्भावना चषक’ म्हणून गावठाण विरुद्ध वसाहत असा क्रिकेटचा मैत्री सामना ठेवायचाय. ट्रॉफी, टी-शर्ट आणि डीजेचा खर्च एक स्थानिक पुढारी उचलणार आहेत. याचा उपयोग होईल का?

नाही होणार. उलट नुकसान व्हायची शक्यता जास्त. रागावू नका, मी स्वतः हेच करून तोंडघशी पडलेली आहे म्हणून सांगते.

मी कळव्याची. आधी कबड्डी खेळले, मग शाळेत पीटी शिकवलं, आणि पंचवीसेक वर्षं कळवा, मुंब्रा, दिघा या भागांत संध्याकाळी मुलामुलींना कबड्डी शिकवतेय. सुरुवातीच्या काळात एका वस्तीत होळीच्या वेळी दोन गल्ल्यांत मारामारी झाली होती. एक गल्ली हिंदूंची, एक मुसलमानांची. आम्ही उत्साही मंडळींनी टेनिस क्रिकेटचा आठ षटकांचा सामना ठेवला. गुणफलकावर फक्त ‘अ’ आणि ‘ब’ लिहिलं आणि स्वतःला फार शहाणे समजलो. सहा षटकं सगळं गोडीगुलाबीत चाललं. सातव्यात कमरेच्या वर फुलटॉस आला. नो-बॉल की नाही? पंच खरोखर तटस्थ होते, रेल्वेत नोकरीला, दोन्हीपैकी कुठल्याच गल्लीतले नव्हते. पण त्यांना आडनाव होतं ना! तेवढं पुरलं. स्टंप उपटले गेले, एकाचं डोकं फुटलं, पोलिसांची गाडी आली. सामन्याआधी ते भांडण दहा-पंधरा पोरांचं होतं. सामन्यानंतर दोन्ही गल्ल्यांचं झालं, कारण बायका, म्हातारे, लहान पोरं सगळ्यांना आम्हीच समोरासमोर दोन बाजूंना बसवलं होतं. भांडणाला प्रेक्षागृह बांधून दिलं म्हणा ना.

पुढे वाचनात आलं की ही चूक फार जुनी आहे. १९५४ साली अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचं उन्हाळी शिबिर घेतलं. एकसारख्या घरांतली, एकमेकांना न ओळखणारी मुलं. त्यांचे दोन गट केले आणि बेसबॉल, रस्सीखेच असे सामने लावले. काही दिवसांत झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घालणं इथपर्यंत मजल गेली. मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र सिनेमा दाखवला. काही फरक पडला नाही, जेवताना ताटातलं अन्न एकमेकांवर फेकून झालं. तेढ उतरायला लागली ती शिबिराचं पाणी बंद पडलं आणि टाकीपासून नळापर्यंत दोष सगळ्यांनी मिळून शोधावा लागला तेव्हापासून. ही वेळ अर्थात मुद्दाम आणलेली होती. तुमचा चषक म्हणजे या गोष्टीतला बेसबॉल. तुम्हाला हवाय तो बंद पडलेला नळ.

आपल्याकडचाच दाखला हवा असेल तर मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत क्रिकेटच्या लीग घेतल्या. वेगवेगळ्या जातींतले १,२६१ तरुण या प्रयोगात होते. कोण कुणाच्या संघात आणि कोण कुणाच्या विरुद्ध, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले: दुसऱ्या जातीचा पोरगा आपल्याच संघात असेल तर मैत्री वाढते, आपल्याच जातीला झुकतं माप देणं कमी होतं. तोच पोरगा समोरच्या संघात असेल तर फायदा दिसत नाही, कधी उलटंच होतं. खेळ तोच, मैदान तेच. फरक फक्त कोण कुणाच्या बाजूने उभा आहे एवढाच.

आणि मुंबईकरांना तर हे कुणी शिकवायला नको. जमातवार संघांचा खेळ आपण चाळीसेक वर्षं करून पाहिलाय. १९०७ पासून युरोपियन, पारशी आणि हिंदू यांची तिरंगी स्पर्धा, १९१२ पासून मुसलमानांचा संघ धरून चौरंगी, १९३७ पासून पंचरंगी. क्रिकेट उत्तम होतं, मैदानं ओसंडून वाहायची. पण १९४० मध्ये गांधीजींनी जाहीरपणे सांगितलं की खेळात असे जमातवार संघ नकोत, आणि १९४६ नंतर ती स्पर्धा संपली. त्याच स्पर्धांच्या इतिहासात पाळवणकर बंधूही आहेत. चर्मकार समाजातले बाळू पाळवणकर हे त्या काळचे हिंदू संघाचे सर्वांत मोठे गोलंदाज. पुण्यात सुरुवातीला संघातले लोक त्यांनी टाकलेल्या चेंडूवर मिळालेले बळी आनंदाने मोजायचे, पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. धाकटे भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये हिंदू संघाचे कर्णधार झाले, त्याला केवढा झगडा करावा लागला! म्हणजे एका संघात घेतलं की झालं असंही नाही. चहाचं भांडं कुठलं, हेही बघावं लागतं. त्याकडे येतेच.

तर करायचं काय? संघ मिसळा. सहा संघ करा, प्रत्येकात गावठाणातले, वसाहतीतले आणि झोपडपट्टीतले मिळून. चिठ्ठ्या सर्वांसमोर काढा, नाहीतर ‘आमची चांगली पोरं त्यांना दिली’ हे पहिल्याच दिवशी सुरू होईल. वय तेरा ते सोळा ठेवा. मिरवणुकीत मारामारी केलेले बावीस-चोवीसचे घोडे आधी नका घेऊ. त्यांना सामान आणणं, वेळ मोजणं, गुण लिहिणं अशी कामं द्या, जोड्या लावून. एका दिवसाचा सामना नको. दिवाळीनंतर सुरू करून जानेवारीअखेरपर्यंत, आठवड्यातून तीन संध्याकाळी सराव आणि रविवारी सामने. फेब्रुवारीत बारावी-दहावीच्या परीक्षा लागतात, मग आया पोरं सोडत नाहीत.

आणि क्रिकेटचा हट्ट सोडता आला तर सोडा. मी कबड्डीवाली, म्हणून पक्षपाती आहे हे मान्य. पण कारणं ऐका. क्रिकेटमध्ये पोरगा अख्खा सामना डीप मिडविकेटला उभा राहून, कुणाशी एक शब्द न बोलता घरी जाऊ शकतो. कबड्डीत ती सोय नाही. सात जण आत. बाद झालात की बाहेर बसा. आपल्या संघाने गडी टिपला की तुम्ही परत आत, ज्या क्रमाने बाद झालात त्याच क्रमाने. म्हणजे बाहेर बसलेल्याचं सगळं लक्ष चढाईला गेलेल्या पोरावर. तो कुठल्या आळीतला हे त्या वेळी आठवत नाही, ‘उठव रे, उठव’ एवढंच तोंडातून निघतं.

दुसरं म्हणजे साखळी. कोपऱ्यातला आणि त्याच्या शेजारचा हात धरून उभे राहतात आणि चढाईवाल्याला दोघं मिळून अडवतात. दिघ्याला एका तुकडीत मी गावातला एक पोरगा आणि माथाडी कामगाराचा एक पोरगा डाव्या कोपऱ्यात शेजारी उभे केले होते. दोघांनी हात धरले, पण कसे? दोन बोटांनी, जसं ओलं फडकं चिमटीत धरतात तसं. नजर एक उजवीकडे, एक डावीकडे. पहिली चढाई त्यांच्या मधून गेली. दुसरीही. तिसऱ्या वेळी चढाईवाला मुद्दाम तिथेच घुसला आणि दोघांना बाद करून हसत परत गेला. मी शिट्टी तोंडात धरून गप्प उभी. चौथ्या वेळी गावातला पोरगा दुसऱ्याकडे न बघताच म्हणाला, ‘बोटं नको, मनगट धर.’ त्याने मनगट धरलं. पुढची चढाई अडकली. दोघांनी टाळी वगैरे दिली नाही, सिनेमात देतात तशी. पण त्यानंतर चिमटी दिसली नाही.

आणखी एक कारण म्हणजे कबड्डी दोन्हीकडची आहे. आगरी-कोळी गावांत कबड्डीची मंडळं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि साताऱ्या-सांगलीकडून आलेल्या माथाडी घरांतही आजोबा खेळलेले सापडतात. झोपडपट्टीतली पोरं सुरुवातीला मागे राहतील, त्यांना क्रिकेट-फुटबॉल जवळचं. त्यांना आठवडाभर आधी बोलावून पायाचा स्पर्श, बोनस रेषा, लोण हे समजावून द्या, म्हणजे पहिल्या दिवशी हसं होत नाही. ज्याचं हसं झालं तो दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि येत नाही म्हणजे ‘त्यांनाच मिसळायचं नाही’ असा निकाल मोकळा.

आता पाण्याचं. आमच्याकडे वीस लिटरचा जार आणि स्टीलचे चार पेले असतात. एका तुकडीत आठ दिवसांनी लक्षात आलं की पाच पोरं पेल्याला हातच लावत नाहीत, घरून बाटल्या आणतात. मी काही बोलले नाही. बोललं की आईबापांपर्यंत जातं आणि ‘मॅडम बाटवायला निघाल्या’ असं होतं. मी पाणी वाटायची पाळी लावली. रोज दोघं, संघाच्या यादीप्रमाणे, जार भरून आणायचा, पेले धुवायचे, बसलेल्यांच्या हातात द्यायचे. ज्याने स्वतः पेले विसळलेत त्याला ते घाण वाटत नाहीत, हा माझा अनुभव. महिनाभरात बाटल्या दोनवर आल्या. दोन शेवटपर्यंत राहिल्या, तेही लिहायला हवं.

अशी कामंच खरं तर माझं औषध आहे, खेळ हे त्याचं निमित्त. मैदानावर पाणी मारणं, फक्कीने रेषा आखणं, मॅट असेल तर तिचे तुकडे जुळवणं आणि रात्री परत गुंडाळणं. कोलंबियात मेडेयीन शहरात १९९० च्या दशकात शांततेसाठी फुटबॉलचा एक प्रकार सुरू झाला, त्यात पंच नसतो. सामन्याआधी दोन्ही संघ मिळून नियम ठरवतात, नंतर गोल बसून कोण कसं खेळलं यावर बोलतात. मी भारावून जाऊन ते इकडे करून पाहिलं. पोरं गोलात बसली, माती उकरत राहिली, ‘चांगलं झालं मॅडम’ म्हणून उठली. आपली पोरं गोलात बसवून बोलत नाहीत. तीच पोरं मॅट गुंडाळताना मात्र सगळं बोलतात: कोण कुणाला काय म्हणाला, मिरवणुकीत पहिला दगड कुणी मारला. म्हणून मॅट गुंडाळायला मी मोठी माणसं कधी लावत नाही, आणि त्या वेळी दहा पावलांपेक्षा जवळही जात नाही.

पंच बाहेरून आणा, जिल्ह्याच्या संघटनेचे, आणि दोघं आणा. संघांची नावं राजे, देव, महापुरुष, गाव यांच्यावरून नकोत. आमच्याकडे पोरांनीच पारसिक, खाडी, लोकल अशी नावं काढली. भगवा, हिरवा, निळा हे तिन्ही रंग टी-शर्टला टाळा; मग उरतं काय म्हणाल तर जांभळा, राखाडी, चॉकलेटी. चॉकलेटीवर पोरं नाक मुरडतात, मुरडू देत. भारत-पाकिस्तान सामना असेल त्या आठवड्यात सराव हलका ठेवा आणि झोपडपट्टीतल्या पोरांना कुणी ‘तुम्ही कुणाकडून?’ विचारलं तर तिथल्या तिथे शिट्टी मारा. गंमत म्हणून विचारतात हे खरं, पण ज्याला प्रत्येक वेळी विचारलं जातं त्याला गंमत नसते. रमजान आला तर सराव इफ्तारच्या आधी संपेल असा घ्या, उपास असलेल्यांना पळवू नका.

रील आणि लाइव्ह यांवर बंदी. एकदा एका पकडीचा बारा सेकंदांचा व्हिडिओ कुणीतरी खाली घाणेरडी ओळ टाकून फिरवला. मैदानावर हसतखेळत झालेली पकड रात्री अकरापर्यंत दोन मोहल्ल्यांची अब्रू झाली. त्या रात्री मी चौदा घरी फोन केले.

पुढाऱ्यांचं काय करायचं? नको म्हणू नका, उगाच वाकड्यात शिरतील. ट्रॉफीऐवजी मॅट आणि मैदानाचे दिवे मागा, तेही हंगाम सुरू व्हायच्या आधी. फलक नको, डीजे नको, रोख बक्षीस तर अजिबात नको. रोख बक्षीस आलं की बाहेरचे खेळाडू येतात आणि पैजा लागतात. उद्घाटनाला मान्यवरच हवे असतील तर वस्तीतला रिक्षावाला, किराणावाला, अंगणवाडीच्या ताई यांना बोलवा. भिवंडीत १९८४ च्या दंगलीनंतर, दशकाच्या अखेरीस, पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बसवल्या त्या अशाच साध्या माणसांच्या, नेत्यांच्या नव्हे. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. तिथे खेळ नव्हता, पण रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा हे दोन्हीकडच्यांना माहीत होतं. तुमच्या लीगमधून एवढी एक यादी तयार झाली तरी मी खूप समजेन.

मुलींची तुकडी पहिल्या वर्षापासून काढा. मुंब्र्यात ‘परचम’ या गटाने २०१२ च्या सुमारास मुलींना फुटबॉलसाठी मैदानात आणलं, तेव्हा मुलींनी मैदानात काय करायचं असं विचारणारे कमी नव्हते. माझा अनुभव असा की मुलगा एकटा येतो आणि एकटा जातो. मुलीबरोबर आई येते. दीड तास पायरीवर बसते. पहिल्या आठवड्यात पदर, बुरखे वेगवेगळ्या पायऱ्यांवर असतात. तिसऱ्या आठवड्यात गॅसची सबसिडी, क्लासची फी, सासू, हे सगळं एकाच पायरीवर येतं. पोरांच्या सहा ट्रॉफ्या एकीकडे आणि ती पायरी एकीकडे.

आता अपेक्षा किती ठेवायची तेही ऐका. इराकमध्ये आयसिसच्या काळात विस्थापित झालेल्या ख्रिस्ती फुटबॉलपटूंवर सल्मा मूसा यांनी केलेला अभ्यास २०२० मध्ये आला. काही संघांत उरलेले खेळाडू मुसलमान घातले, काहींत ख्रिस्तीच. मिसळलेल्या संघांतले ख्रिस्ती खेळाडू पुढेही मुसलमानांबरोबर सराव करत राहिले, पुढच्या हंगामात मिश्र संघात खेळायला तयार झाले. पण मैदानाबाहेरच्या, अनोळखी मुसलमानांशी वागण्यात तसा फरक दिसला नाही. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. माझ्याकडचा एक पोरगा संघातल्या मित्राच्या बहिणीच्या लग्नात वाढायला उभा होता, आणि त्याच महिन्यात त्या मित्राच्या अख्ख्या जमातीबद्दल एक गलिच्छ मेसेज त्यानेच पुढे ढकलला. विचारलं तर म्हणतो, ‘मॅडम, तो तसा नाही ना.’ या वाक्याशी मी पंचवीस वर्षं झगडतेय, अजून जिंकले नाही.

आणि एक गोष्ट खेळाने सुटणार नाही, ती नीट ओळखून ठेवा. तुमच्या भांडणाच्या मुळाशी मिरवणूक नाही, जागा आहे. १९७० मध्ये सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) आली, ९५ गावांची जमीन शहरासाठी गेली. जानेवारी १९८४ मध्ये मोबदल्याच्या आंदोलनात जासई-दास्तान भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. गावठाणातल्या पोराने हे घरात ऐकलेलं असतं. एकाने मला मैदानाकडे बोट दाखवून सांगितलं होतं, ‘हे आमच्या आज्याचं खाचर होतं, आणि आता इथे खेळायला आम्हीच अर्ज करायचा.’ माथाडीचा पोरगाही चूक नसतो: बापाने मार्केटात पाठीवर पोती वाहून वसाहतीत खोली घेतली, आणि इथे जन्मून त्याला अजून ‘घाटी’ म्हणतात. जुलै २०१८ मध्ये मराठा आरक्षणासाठीच्या बंदच्या दिवशी कोपरखैरण्यात जी दगडफेक-जाळपोळ झाली ती तुम्ही पाहिलीय. ती आग एका दिवसात लागलेली नव्हती. अशा वेळी खेळायला मैदान एकच असेल आणि तेही रविवारी कुणाच्या तरी स्पर्धेला भाड्याने जात असेल, तर तुमची लीगच भांडणाचं नवं कारण होईल.

म्हणून पहिलं काम सराव नाही, अर्ज. मैदान आठवड्यातून तीन संध्याकाळी आणि रविवारी सकाळी मिळावं असा लेखी अर्ज करा, गावठाणातल्या, वसाहतीतल्या आणि झोपडपट्टीतल्या प्रत्येकी दोघांच्या सह्यांनी, आणि तो द्यायला सहाही जण एकत्र जा. प्रत जवळच्या पोलीस ठाण्यातही द्या. पोच सही-शिक्क्यासकट घ्या. आमचा एक अर्ज एका कार्यालयात सात महिने ‘सापडत नव्हता’. पोच दाखवली, तर दुपारच्या चहाआधी सापडला.